फंक्शन परतताच वॉचपॉइंट का जातो?

तुम्ही विचारलंय की फंक्शनमधल्या 'एकूण' या लोकल (फंक्शनपुरत्या) व्हेरिएबलवर वॉच, म्हणजे किंमत बदलली की प्रोग्राम थांबवणारा पहारा (वॉचपॉइंट), लावला, फंक्शन परतलं आणि जीडीबीने, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनाने, तो आपणहून काढून टाकला. ही जीडीबीची चूक आहे का? नाही. त्याने तो ठेवला असता तर तुमची फसगत झाली असती.

लोकल व्हेरिएबलला कायमची जागा नसते. सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर दुकानाला जागा मिळते ती यात्रेपुरती, तसंच हे. फंक्शन परतलं की स्टॅकवरची (चालू कॉल्सच्या तात्पुरत्या मेमरीतली) तीच जागा पुढच्या कॉलला जाते. म्हणून वॉच लावताना जीडीबी फ्रेमही (त्या कॉलची स्टॅकवरची जागा) लक्षात ठेवतो आणि कॉल करणाऱ्या फंक्शनमध्ये, परतीच्या पत्त्यावर, एक छुपा ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) टाकतो. तिथे पोचलं की प्रोग्राम थांबतो आणि वॉच हटतो. रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच कॉल करतं तेव्हा, हा ब्रेकपॉइंट कॉल करणाऱ्याची फ्रेमही तपासतो, त्यामुळे आतला कॉल परतला तरी बाहेरचा वॉच टिकतो. मला हा भाग फार आवडतो.

एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर हार्डवेअर वॉचसाठी, म्हणजे प्रोसेसर स्वतः देतो त्या पहाऱ्यासाठी, पत्ते ठेवायची डीबग रजिस्टर चारच. व्हेरिएबल त्यांत मावणार नाही इतकं मोठं असलं किंवा मेमरीऐवजी सीपीयूच्या रजिस्टरमध्ये असलं, तर सॉफ्टवेअर वॉच येतो: प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर किंमत तपासायची, म्हणजे शेकडो पट संथ. त्यातही परतण्याच्या शेवटच्या इन्स्ट्रक्शन्समध्ये फ्रेम अर्धी मोडलेली असते, तिथे वाचलेली किंमत खोटी. म्हणून जीडीबी तेवढ्या टप्प्यात दिसलेला बदल सोडून देतो.

आता तुम्हाला परतल्यानंतरच पाहायचं असेल तर? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या बिलिंग प्रोग्राममध्ये पार्टीचं नाव मधूनच बिघडायचं. दोन दिवस मी डेटाबेसवर संशय घेत बसलो. शेवटी फंक्शनच्या आत थांबून 'वॉच -लोकेशन' लावला. हा पत्त्यावरच पहारा देतो, फ्रेमशी बांधलेला नसतो. फंक्शन परतलं आणि काही क्षणांत छपाईच्या फंक्शनने त्याच जागी लिहिताना प्रोग्राम थांबला. नावाच्या स्ट्रक्चरमध्ये कुणीतरी लोकल बफरचा, म्हणजे फंक्शन परतताच दुसऱ्याला जाणाऱ्या जागेचा, पत्ता ठेवला होता.

दर कॉलला वॉच हवा असेल तर फंक्शनवर ब्रेकपॉइंट ठेवा आणि त्याच्या 'कमांड्स'मध्ये (तिथे थांबल्यावर आपोआप चालणाऱ्या आज्ञांत) वॉच लिहा. आणि '-लोकेशन'वाला वॉच काम झालं की स्वतः डिलीट करा. तो आपोआप जात नाही, आणि त्या जागेवर येणाऱ्या प्रत्येक फंक्शनने किंमत बदलली की थांबत राहतो.