वाचकांचे प्रश्न: शेकरूच का?

प्रश्न: ताई, महाराष्ट्राचा राज्यप्राणी वाघ नाही, शेकरू आहे म्हणे. एवढ्याशा खारीला हा मान कसा काय?

उत्तर: अहो, एवढीशी कुठली, शेपटीसकट चांगली दोन-तीन फूट लांब असते ती! भीमाशंकरच्या जंगलात मान वर करून नुसतं थांबायचं, आधी पानं हलतात, मग तांबूस पाठ दिसते, पोट फिकट, आणि झुबकेदार शेपूट फांदीवरून खाली लोंबतेय, आणि एका उडीत पलीकडच्या झाडावर. जमिनीवर ती क्वचितच उतरते, घरटं पण उंच शेंड्याला, म्हणून वर फांदीला फांदी लागलेली हवी, मधली झाडं तुटली की तिचा रस्ताच बंद. मला वाटतं हाच खरा अर्थ, शेकरू जपायची म्हणजे सह्याद्रीचं अख्खं जंगलच जपायचं. वाघ तर आधीच देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे ना.

बाकी पक्षी हरियाल, झाड आंबा, फूल ताम्हण, ते जांभळं, महाराष्ट्र दिनाच्या आसपास काय फुलतं म्हणून सांगू! आणि 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन म्हणजे नीलवंत हे राज्यफुलपाखरू झालं, असं करणारं आपलं पहिलं राज्य, मला याचा फार अभिमान वाटतो.