ड्रायर गुणगुणतो पण फिरत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं सेमी ऑटोमॅटिक मशीन सहा वर्षं जुनं आहे. धुवायची बाजू झकास चालते पण ड्रायरचा टायमर फिरवला की नुसता हूं हूं आवाज, ड्रम जागचा हलत नाही, आणि थोड्या वेळानं गरम वास यायला लागतो. घरी मेकॅनिक आला, मागचं झाकण न उघडताच म्हणाला मोटार जळली, नवीन टाका. खरंच जळली असेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, झाकण न उघडता मोटार जळली म्हणणाऱ्याला लगेच पैसे देऊ नका. हूं आवाज येतोय म्हणजे करंट मोटारीपर्यंत पोचतोय, त्यामुळं टायमर आणि झाकणाखालचा स्विच यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही, ते गेले असते तर मशीन गप्पच बसलं असतं. पण एक करा, आता परत परत चालू करून बघू नका. अडकलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि शाबूत असली तरी अशानंच जळते.

आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग मागचं झाकण काढा. आता इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण यातच खूप जण फसतात. ड्रायरचं वरचं झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेला असतो, त्यामुळं ड्रम हातानं फिरवून बघितला तर घट्टच लागणार आणि माणूस म्हणतो मोटार जाम झाली. तसं नसतं. वरचं झाकण बंद करायचं म्हणजे ब्रेकची वायर ओढली जाते, आणि मग मागून हात घालून मोटारीच्या वरचं कपलिंग, म्हणजे मोटार आणि ड्रमचा शाफ्ट जोडणारा भाग, फिरवायचं. ते सहज गरगर फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर एकतर ब्रेकची वायर सैल झालीय किंवा तुटलीय आणि ब्रेकचा पट्टा सुटतच नाहीये, किंवा मग मोज्यासारखं काहीतरी ड्रमच्या बाहेरच्या बाजूनं खाली उतरून शाफ्टला गुंडाळलं गेलंय. मोजे, रुमाल, बाळाचं टोपडं, असलं बारीकसारीक सगळं तिथं सापडतं. कपलिंगचे स्क्रू सोडून ड्रम वर उचलला की निघतं, खर्च शून्य.

कपलिंग मोकळं फिरत असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे करंट साठवणाऱ्या छोट्या डब्यावर. घरातल्या सिंगल फेज करंटवर ही मोटार आपली आपण उठत नाही, तिला सुरुवातीचा धक्का देणारं दुसरं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) असतं आणि ते कपॅसिटरमधून चालतं. कपॅसिटर गेला की मोटार नुसती गुणगुणते, अगदी तुम्ही लिहिलंय तस्सं. ड्रायरचा बहुतेक 4 किंवा 5 मायक्रोफॅरडचा असतो, धुवायच्या मोटारीचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त, आणि बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही मिळून एकच डबा असतो, त्यातला एक भाग गेला तरी दुसरा चालूच राहतो म्हणून धुणं चालतं आणि ड्रायर बसतो. हात लावायच्या आधी त्याच्या टोकांना बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरी टेकवून साठलेला करंट उतरवा, प्लग काढल्यावरही झटका बसतो. नवीन आणताना जुन्यावरचा आकडाच आणा, जास्तीचा टाकला तर मोटार तापते.

कपॅसिटर बदलूनही तसंच असेल तर मग मल्टिमीटर. मोटारीच्या तीन वायरी सुट्या करून दोन-दोन वायरींमध्ये ओहम बघा. तीन आकडे मिळतील, दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्याइतकी आली पाहिजे. कुठं काहीच दाखवलं नाही तर वाइंडिंग तुटलंय. आणि कुठलीही वायर मोटारीच्या बॉडीशी जोडलेली दाखवत असेल तर ते मशीन अजिबात वापरू नका, ओल्या फरशीवर उभं राहून वापरायची वस्तू आहे ती.

समजा मोटार खरंच गेली, तरी नवीन बसवायच्या आधी तिच्या डोक्यावर काय आहे ते बघा, माझी खरी कळकळीची विनंती हीच आहे. ड्रमखाली रबराचा बेलो, म्हणजे पाणी अडवणारं सील असतं, त्यातून शाफ्ट खाली येतो. बेलो झिजला की पाणी थेंब थेंब शाफ्टवरून मोटारीत उतरतं. मोटारीच्या वरच्या बाजूला गंजाचे ओघळ किंवा पांढरी खरपुडी दिसली की समजायचं. आपल्याकडं नळाला पाणी नसलं की बोअरच्या जड पाण्यावर धुणं होतं, ते क्षार त्या सीलला खातात. बेलो मोटारीच्या मानानं किरकोळ किमतीत येतो पण तो तसाच ठेवून नवी मोटार टाकली तर तीही त्याच वाटेनं जाते आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. रिवाइंडिंगचा, म्हणजे जुन्याच मोटारीत नवी तार भरून घ्यायचा पर्यायही विचारा, यंत्रमागाचं गाव आहे आपलं, मोटारी भरणारी जाणती माणसं इथं आहेत. फक्त तांब्याची तार घालणार का ते आधी विचारून घ्या.

प्रश्न : पाणी चार दिवसाआड येतं, त्या दिवशी सगळ्यांचे कपडे, चादरी एका दमात काढतो. तीन-चार घाण्यांनंतर ड्रायर मधेच बंद पडायलाय, अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप चालू होतोय. – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, मोटारीत तापल्यावर करंट तोडणारा प्रोटेक्टर असतो, तो त्याचं काम करतोय. दोन घाण्यांमध्ये दहा मिनिटं थांबा. सोलापुरी चादर भिजली की भलती जड होते, एका वेळी एकच घाला, ड्रमच्या कडेनं गोल बसवा, वरची जाळी दाबा. एका बाजूला ढीग झाला तर ड्रम हेलकावे खातो आणि सगळा भार मोटारीवर. व्होल्टेज पण बघा, 230 ऐवजी 180 येत असेल तर मोटारीचा जोर जवळपास 60 टक्क्यांवर येतो आणि ती उठताना तापते. एकाच चादरीवरही बंद पडत असेल तर मात्र बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) आणि ब्रेक घासतोय का ते तपासून घ्या.

प्रश्न : ड्रायरचं झाकण उघडलं तरी ड्रम बराच वेळ फिरत राहतो, चालेल ना? – एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : नाही चालणार. ब्रेकचा पट्टा झिजलाय किंवा वायर जास्त ताणलीय. घरात लहान पोरं असतील तर आजच वापर थांबवा, फिरत्या ड्रममधल्या कपड्यात बोटं अडकून मोडतात. पट्टा बदलायचं काम छोटं आहे, मेकॅनिकला झाकणाचा स्विचपण त्याच वेळी तपासायला सांगा.