सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी टाकली तर तो संप धरतात का?

हो, धरतात. तुम्ही विचारलंय की गोव्यात वेर्ण्याच्या फॅक्टरीत आमची साठ माणसं आहेत, त्यातल्या चाळीस जणांनी सोमवारी एकदम कॅज्युअल लिव्ह टाकली तर कंपनी काय करणार. तर ही पळवाट आता बंद झालीय. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये (ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय) स्पष्ट लिहिलंय की ५० टक्के किंवा जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून रजेवर गेले की तो संपच.

आणि संप म्हटला की १४ दिवसांची नोटीस. आधी ही नोटिशीची भानगड फक्त पाणी, वीज, बस असल्या लोकोपयोगी सेवांना होती, आता सगळ्यांनाच आहे. खरी गोम पुढे आहे, नोटीस दिली की कामगार खात्यातला साहेब दोन्ही बाजूंना समेटाला बोलावणार आणि त्याची पहिली मीटिंग झाली की समेट सुरू झाला असं धरतात, मग तो संपेपर्यंत आणि वर ७ दिवस संप बेकायदा, म्हणजे १४ दिवस मोजत बसायचे आणि तेरावा दिवस उजाडता उजाडता मीटिंगची चिठ्ठी हातात!

बेकायदा संपाला १ हजार ते १० हजार दंड किंवा महिनाभर कैद, किंवा दोन्ही. पगार कापतील तो वेगळा.

सरकारी नोकर असाल तर विचारूच नका, २००३ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना संपाचा हक्कच नाही म्हणून सांगितलंय.

माझं ऐकाल तर आधी युनियनच्या लेटरहेडवर नोटीस द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.