रोबिगो : गंज नव्हे, तांबेरा

विचारणा अशी आहे : एका अनुवादित लेखात ‘रोमन लोक २५ एप्रिलला गव्हाच्या गंजदेवीला कुत्रा बळी देत’ असं वाक्य आलं आहे. गव्हाला गंज कसा लागेल? मराठीत इथे कोणता शब्द हवा?

हवा तो शब्द तांबेरा. लॅटिनमधला मूळ शब्द ‘रोबिगो’. लोखंडावर चढतो तो गंजही रोबिगो आणि गव्हाच्या पानावर, खोडावर उठतो तो रोगही रोबिगोच. इंग्रजीतही दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याच्या हाताला कोशातला पहिला अर्थ लागतो, गंज. मराठीत मात्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धातूला गंज चढतो, पिकावर तांबेरा पडतो. तांबेऱ्याला गेरवा असंही म्हणतात. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्राच्या नावात तोच शब्द आहे.

या नावांची जडणघडण पाहण्यासारखी आहे. रोबिगोच्या मुळाशी ‘तांबडा’ हा अर्थ आहे. रोमन खेडूत तांबड्या बैलाला ‘रोबुस’ म्हणत, अशी नोंद फेस्तुस या रोमन कोशकाराच्या कोशात सापडते. लॅटिन ‘रुबेर’ (तांबडा) आणि संस्कृत ‘रुधिर’ हे तर एकाच शब्दमुळाचे सख्खे भाऊ. आपला तांबेरा तांब्यावरून आला, गेरवा गेरूवरून. शब्दांचं नातं नाही, पण पाहणाऱ्याचा डोळा एकच : रोगट पानावर बोट फिरवलं की तांबूस भुकटी बोटाला लागते, आणि रोगाचं नाव तिच्या रंगावरून पडतं. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. म्हणून ‘कीड’ हा शब्दही इथे चालणार नाही. ‘काणी’ही नको. काणीत ओंबीत दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, तो निराळा रोग. आणि लॅटिनमध्ये ‘उरेदो’ दिसला तर त्याला करपा म्हणावं. तो ‘जाळणे’ या क्रियापदावरून आला आहे, जसा आपला करपा करपण्यावरून.

२५ एप्रिलच्या या सणाचं नाव रोबिगालिया. रोमन पंडित वर्रो त्याचं कारण सरळ सांगतो : पिकाला रोबिगो धरू नये म्हणून शेताच्या कडेला या देवाला बळी देतात. निसर्गाचा ज्ञानकोश लिहिणाऱ्या प्लिनीच्या मते हा सण रोमच्या आख्यायिकांतल्या नुमा राजाने आपल्या कारकिर्दीच्या अकराव्या वर्षी सुरू केला. तारखेमागे शेतीचा हिशेब आहे. इटलीतला गहू शरद ऋतूत पेरलेला, एप्रिलअखेर तो पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणात) किंवा नुकता निसवलेला (ओंबी बाहेर पडलेली) असतो. तेव्हा तांबेरा आला तर दाणा भरत नाही, चिमतो. आपल्याकडे रब्बीचा गहू तोवर कापून झालेला असतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही तारीख उशिराची वाटते. एका कंसात खुलासा द्यावा. रोग कुठे जास्त पडतो तेही प्लिनीने अचूक टिपलं आहे : दव पडणाऱ्या भागात, दऱ्याखोऱ्यांत आणि वारा खेळत नाही तिथे, उंच, वाऱ्याच्या जागी पडत नाही. निरीक्षण अगदी बरोबर आहे. पान काही तास ओलं राहिल्याशिवाय बीजाणू रुजत नाही. शेतात लॉरेल या झाडाच्या फांद्या रोवल्या की तांबेरा पिकावरून त्यांच्या पानांवर जातो, हा त्याने दिलेला तोडगा मात्र निरुपयोगी. गव्हाचा तांबेरा लॉरेलवर जगत नाही.

विधी होई वाया क्लाउदिया या रस्त्यावर पाचव्या मैलाच्या दगडापाशी, म्हणजे रोमपासून साधारण साडेसात किलोमीटरवर. धावण्याच्या शर्यतीही असत. रोमन कवी ओविद सांगतो त्याप्रमाणे पांढऱ्या वस्त्रांतली मंडळी जमत, क्विरिनुस देवाचा पुरोहित अग्नीत धूप आणि मद्य अर्पण करी, मग मेंढीची आणि कुत्रीची आतडी. मेंढीसाठी त्याचा शब्द आहे ‘बिदेन्स’, शब्दशः दोन दातांची. बहुतेक अनुवादांत इथे नुसती ‘मेंढी’ येते, आणि हे फार खटकतं, कारण जनावराचं वय दातांवरून सांगण्याची रीत आपल्याकडे जिवंत आहे. सरळ ‘दोनदाती मेंढी’ लिहावं.

कुत्रीच का, याचं ओविदने दिलेलं कारण श्वानताऱ्याचं आहे. हा तारा म्हणजे आपला व्याध. पण नुसतं ‘व्याध’ लिहिलं तर कुत्र्याशी असलेला धागाच तुटतो, म्हणून ‘श्वानतारा, म्हणजे आपला व्याध’ असं लिहावं. शिवाय ओविद म्हणतो की तारा तेव्हा उगवतो. प्रत्यक्षात एप्रिलअखेर व्याध संध्याकाळी पश्चिमेला मावळतीला लागलेला असतो, त्याचा पहाटेचा उदय इटलीतल्या ऐन उन्हाळ्यातला.

खरी कसोटी प्रार्थनेच्या ओळीत आहे. पुरोहित रोबिगोला विनवतो की कोवळं पीक सोड, खायचंच तर तलवारी आणि भाले खा. लॅटिनमध्ये एकच शब्द दोन्हीकडे लागतो, मराठीत तो फोडावा लागतो : ‘पिकावर तांबेरा होऊन येऊ नकोस, तलवारीवर गंज होऊन बैस.’ गंज या शब्दाला या सगळ्या प्रकरणात हीच एक हक्काची जागा आहे.

राहिला देव की देवी हा प्रश्न. वर्रोकडे तो पुल्लिंगी रोबिगुस, ओविद आणि शेतीवर लिहिणारा कोलुमेल्ला यांच्याकडे स्त्रीलिंगी रोबिगो. मराठीत ‘देवता’ म्हटलं की दोन्ही सामावतात, तेव्हा ‘देवी’चा आग्रह नको. वाक्य असं दुरुस्त करावं : ‘रोमन लोक २५ एप्रिलला रोबिगो या तांबेऱ्याच्या देवतेला कुत्री आणि दोनदाती मेंढी बळी देत.’ ‘रोबिगालिया’ हे लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, पण मराठीत ते ‘सण’ या शब्दाच्या लिंगवचनाने चालवावं : रोबिगालिया साजरा होई.