सुनेच्या पणजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या वहीत?

प्रश्न : माझी सून अमेरिकेत वाढली, पण तिचे पणजोबा मेक्सिकोतील हालिस्को राज्यातून टेक्सासला आले होते. आमची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत सापडली, तेव्हा तिच्या माहेरचीही शोधावी असे वाटले. पणजोबांच्या जन्माची १९२७ची सरकारी नोंद मिळाली, मात्र गावच्या चर्चच्या वहीत त्या वर्षी त्यांचा बाप्तिस्मा नाही. आता मागे कसे जावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अडचण त्या वर्षातच आहे. राष्ट्राध्यक्ष कायेस यांच्या सरकारने चर्चवर कडक निर्बंध लादल्यावर बिशपांनी ३१ जुलै १९२६पासून सार्वजनिक उपासना थांबवली, आणि जून १९२९मध्ये समझोता होईपर्यंत ती बंदच राहिली. या काळातील क्रिस्तेरो बंडाचा, म्हणजे या निर्बंधांविरुद्ध कॅथलिकांनी केलेल्या सशस्त्र उठावाचा, जोर हालिस्कोत विशेष होता. बाप्तिस्मे घरोघर गुपचूप होत आणि त्यांतील काहींची नोंद मागाहून होई. म्हणून १९२९ नंतरची पानेही चाळावीत. तिथेही काही हाती लागले नाही तरी बिघडत नाही, कारण मेक्सिकोच्या सरकारी जन्मनोंदीत बहुधा बाळाच्या दोन्हींकडच्या आजी-आजोबांची नावे असतात. ती आधी उतरवून घ्यावीत.

तेथून पुढे थेट बाप्तिस्म्याकडे न वळता आईवडिलांचा विवाह शोधावा, असे मी सुचवीन. विवाहाच्या नोंदीत वर मूळचा कुठला आणि सध्या राहणार कुठला, हे ‘ओरिहिनारियो’ आणि ‘वेसिनो’ या दोन शब्दांनी वेगळे सांगितलेले असते, आणि पुढची वही कोणत्या गावची उघडायची ते या पहिल्या शब्दावरून कळते. वस्ती लहान असेल, तर ती ज्या मोठ्या गावच्या चर्चच्या हद्दीत येत होती त्याची वही पाहावी. मेक्सिकोत सरकारी नोंदणीचा कायदा बेनितो हुआरेस यांनी १८५९मध्ये केला. त्याच्या मागे जायचे तर मुख्य आधार चर्चच्या वह्यांचाच.

बाप्तिस्म्याची नोंद ठरावीक साच्याची असते : तारीख, पाद्री, ‘तीन दिवसांच्या बालकास तेल लावून नाव ठेवले’, औरस असल्यास ‘ईहो लेहीतिमो’, मग आईवडील, पुष्कळदा आजी-आजोबा आणि शेवटी धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाची धार्मिक जबाबदारी घेणारे. हे धर्ममातापिता अनेकदा नात्यातलेच असतात, तेव्हा त्यांची नावे वगळू नयेत. मुलांना होसे आणि मुलींना मारिया लावण्याची प्रथा इतकी सार्वत्रिक होती, की केवळ पहिल्या नावावर शोध घेणे व्यर्थ आहे. आडनावांचे लेखनही स्थिर नाही. हिमेनेस हे एकच आडनाव एक्स, जी किंवा जे या अक्षराने सुरू झालेले दिसते. एक सोय मात्र आपल्याकडे नाही. तिथे स्त्रीचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही टिकते, त्यामुळे पणजीची आईसुद्धा सापडू शकते. आपल्या नामावळ्यांत ती बहुधा हरवलेली असते.

१८२२पूर्वीच्या वह्यांत स्पॅनिश, इंडियन (तिथले मूळनिवासी), मेस्तिसो (या दोघांची मिश्र संतती) अशी वर्गवारी आढळेल, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या वह्याच वेगळ्या असत. तो शिक्का पाद्र्याच्या नजरेचा समजावा. एकाच कुटुंबातील भावंडांवर वेगवेगळे शिक्के असू शकतात. त्यामुळे एका वहीत नाव न मिळाल्यास दुसरी अवश्य पाहावी. यांतील बहुतेक वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, पण तेथील नावांच्या सूचीवर विसंबू नये : पान स्वतः वाचावे.