एमआरआय नॉर्मल, मग पार्किन्सन कसा?

"एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, मग बिमारी आली कुठून?" सल्ल्यासाठी आमच्याकडे आलेल्या काकांनी फाइल टेबलावर ठेवत पहिला प्रश्न हाच केला. वय 64, सरकारी नोकरीतून निवृत्त, घर नागपूरच्या महाल भागात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टने त्यांना बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, दारापर्यंत चालवलं आणि पार्किन्सन असल्याचं सांगितलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. पुण्याच्या मुलाचं म्हणणं, मशीनमध्ये दिसत नाही ते डॉक्टरला कसं दिसलं? मग दुसरे डॉक्टर झाले, तिसरे झाले. तिघांनी एकच सांगितलं, तरी काकांचा विश्वास बसेना.

ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात येते आणि ती मूर्खपणाची नाही. शुगर आकड्यात कळते, हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. पार्किन्सनचं तसं नाही. मेंदूच्या आतल्या एका छोट्या भागातल्या हालचाल सांभाळणारं डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. साध्या एमआरआयमध्ये ते सहसा दिसत नाही. तो काढतात ते गाठ, जुना पक्षाघात, साठलेलं पाणी असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. म्हणजे नॉर्मल रिपोर्टने निदान खोडलं जात नाही, उलट त्याला बळ मिळतं. 1817 मध्ये जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने हा आजार लिहून ठेवला तेव्हा मशीन नव्हतंच, सहा माणसांचं चालणं आणि थरथरणं पाहून त्याने तो ओळखला.

त्या पंधरा मिनिटांत डॉक्टर काय पाहत होते, हे काकांना एकेक करून सांगितलं. बोटं आपटताना पहिले चार-पाच ठोके मोठे, मग लहान होत जातात का? हात मांडीवर निवांत असताना थरथरतो आणि वस्तू उचलताना थांबतो का? मनगट फिरवताना दातेरी चाकासारखे हिसके लागतात का? चालताना एकच हात हलायचा थांबलाय का? काकांनी तिथेच खुर्चीत बसून बोटं आपटून पाहिली. उजवी लगेच मंदावली. ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले.

विषय इथे संपला नाही, कारण खरी अडचण पुढे होती. काकू हळूच म्हणाल्या, "गोळी अर्धीच घेतात हे, डॉक्टरले सांगितलं नाही."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. गोळी गरम पडते म्हणून अर्धी, तीही सकाळी पेलाभर दुधासोबत. भाच्याने आणलेलं कवचबीजाचं (खाजकुइलीच्या बियांचं) चूर्ण रोज एक चमचा. चूर्णानंतर मळमळ, उठताना चक्कर. मळमळीला मेडिकल स्टोअरमधून स्वतःच आणलेली मेटोक्लोप्रमाइडची गोळी. आणि निष्कर्ष असा की न्यूरॉलॉजिस्टचं औषध लागू पडत नाही.

ही साखळी नीट समजून घ्यायला हवी. कवचबीजात नैसर्गिक लेव्होडोपा असतो, म्हणजे गोळीत असतं तेच द्रव्य, मेंदूत ज्याचं डोपामिन होतं; फक्त मोजमाप नाही. गोळीत त्यासोबत कार्बिडोपा घातलेला असतो, तो लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच वाया जाऊ देत नाही आणि मळमळही कमी ठेवतो. चूर्णात तो नसतो. मेटोक्लोप्रमाइड उलटी थांबवतं खरं, पण मेंदूत डोपामिनचीच वाट अडवतं, त्यामुळे ताठरपणा वाढतो. दुधातली प्रथिनं आतड्यातून आत जाताना लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. म्हणून गोळी साधारण जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्यासोबत घेतात. रक्तवाढीची लोहाची गोळीही तिच्यापासून दोन तास दूर. यातलं काहीच डॉक्टरांना माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत "फरक नाही" ऐकून त्यांनी डोस वाढवला असता, आणि तो चुकीच्या माहितीवर वाढला असता.

डॉक्टरवर विश्वास ठेवा, असा उपदेश आम्ही करत नाही. निर्णय त्यांच्या ज्ञानावर सोडायचा असेल, तर घरात घडतं ते सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवायला हवं, एवढाच आग्रह असतो. दुसरं मत खुशाल घ्या, पण तीच फाइल घेऊन, उघडपणे. प्रश्न विचारला की दर वेळी चिडणारा डॉक्टर बदललेलाही चांगला. स्वतःच्या मनाने गोळी एकदम बंद करणं मात्र कधीच नको: ताप, कमालीचा ताठरपणा, भ्रम असा जीवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो.

"पाच वर्षांत गोळीचा असर संपतो म्हणतात, मग आत्ताच काहून घ्यायची?" हा काकांचा शेवटचा अडसर. असर संपत नाही. आजार पुढे सरकतो तशी मेंदूची डोपामिन साठवायची ताकद घटते, म्हणून दोन डोसांमधल्या वेळात अंग पुन्हा जड होऊ लागतं. उशिरा सुरू केल्याने ती ताकद शिल्लक राहत नाही, चांगली वर्षं मात्र अवघडलेली जातात.

भेटीआधी चार दिवस वहीत लिहायचं ठरलं. गोळी किती वाजता, खाणं किती वाजता, अंग कधी मोकळं, कधी जड, चक्कर कधी. चूर्ण आणि उलटीची गोळी ठळक अक्षरात. मे महिना होता, नागपूरचं ऊन. त्यामुळे दिवसभरात पाणी किती प्यायलं तेही, कारण पाणी कमी पडलं की उठताना रक्तदाब घसरतो आणि चक्कर वाढते.

डॉक्टरांनी चूर्ण आणि उलटीची गोळी दोन्ही थांबवून डोस नव्याने बसवला. किती, ते इथे लिहीत नाही; प्रत्येकाचा वेगळा असतो. पण काकांच्या मनात राहिलं ते वेगळंच. वही हातात घेतल्यावर डॉक्टरांनी मजकूर वाचायच्या आधी अक्षर पाहिलं आणि विचारलं, "साडेअकराला अंग जड होतं ना तुमचं?" रोजच्या साडेअकराच्या नोंदीचं अक्षर बाकीच्यांपेक्षा बारीक, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं होतं. काकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आता काकू लिहून देते म्हणाल्या तरी वही ते स्वतःच लिहितात.