यादी मागितलीस, पत्र पाठवते

प्रिय पोरी,

इंग्लंडला शिकायला येण्याआधीचा तुझा निरोप मिळाला. "मावशी, बर्मिंगहॅममध्ये कुठं खायचं, कुठं फिरायचं, चांगल्या दहा ठिकाणांची यादी पाठव." लगेच लिहायला बसले. सातव्या नावापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं, की वरच्यापैकी दोन ठिकाणं कधीच बंद झाली आहेत आणि तिसऱ्याच्या जागी आता नखं रंगवायचं दुकान आहे. कागद बाजूला ठेवला. इथली हॉटेलं वळवाच्या पावसासारखी येतात आणि जातात. म्हणून यादीऐवजी शहर खायचं कसं तेवढं लिहिते. नावं मधेमधे येतीलच.

आधी उच्चार. इथले लोक 'बर्मिंगम' म्हणतात, आणि पुढं ज्या गावाबद्दल लिहिणार आहे त्याच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू असला तरी ते 'स्मेदिक' आहे. मी पहिल्याच महिन्यात बसवाल्याला 'स्मेथविक' म्हणाले आणि त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं आपण 'सँग्ली' म्हणणाऱ्याकडं पाहतो.

१९९९ साली इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा मी सगळ्यांना विचारायचे, "इथं चांगलं काय मिळतं?" माझा चेहरा बघून प्रत्येकजण मला इंडियन रेस्टॉरंटचं नाव सांगायचा. अशा एका झगमगीत ठिकाणी मी टोमॅटोच्या गोड सॉसमध्ये बुडवलेलं पनीर खाल्लं आणि त्या रात्री घरी येऊन पुन्हा भात टाकला. मग आमच्या लॅबमध्ये रात्रपाळीला झाडलोट करणाऱ्या बाईंना वेगळा प्रश्न विचारला: "पगार झाला की तुम्ही पोरांना घेऊन कुठं जाता?" त्यांनी हातातला पोछा भिंतीला टेकवला आणि वीस मिनिटं सांगत राहिल्या. तोच प्रश्न तू विचार. लायब्ररीच्या दारावरच्या माणसाला विचार, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला विचार. तुझ्याबरोबर परवाच विमानातून उतरलेल्या पोरांना विचारू नकोस, त्यांनी तुझ्याइतकाच फोन पाहिलेला असतो.

त्या बाईंनी मला बाल्टी खायला लेडीपूल रोडला पाठवलं. पाटीवरचा 'बाल्टी' शब्द वाचून मला वाटलं, इथं पंगतीतल्या आमटीसारखं बादलीतून वाढत येतात की काय! तसं नसतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर स्पार्कब्रुक, बाल्सल हीथ या भागांत पाकिस्तानातून, त्यातही काश्मीरकडून आलेल्या लोकांनी हा प्रकार सुरू केला. पातळ पत्र्याची दोन कानांची छोटी कढई, तुपाऐवजी तेल, खाली भडकलेली आच. झटपट परतायचं आणि कढई तशीच उचलून टेबलावर आणायची. मसाला कडेला लागून जरासा करपलेला असतो. खरी चव तिथंच, तो भाग नानच्या तुकड्यानं खरवडून खायचा. काटाचमचा मागू नकोस. नान 'टेबल नान' मागवलास तर तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येतो, चौघींना पुरतो.

एके काळी इथल्या तीन रस्त्यांच्या पट्ट्याला 'बाल्टी ट्रँगल' म्हणायचे आणि दर चार पावलांवर एक बाल्टी हाउस होतं. आता जुन्या पद्धतीनं पातळ कढईत करणारी बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. लेडीपूल रोडवरचं शबाब्स त्यातलं. दुसरीकडं कुठं गेलीस तर कढई बघ. जाड बिडाची असेल आणि आत करी वेगळी शिजवून ओतलेली असेल, तर तो नुसता नावाचा बाल्टी. तू मटण खात नाहीस, तरी अडचण नाही, चणा-पालक आणि मशरूम-पनीर मिळतात. बरीच बाल्टी हाउसेस दारू ठेवत नाहीत, पण काही ठिकाणी आपली बाटली आणू देतात. आधी विचारायचं, कारण काही ठिकाणी तेही चालत नाही आणि तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे.

शाकाहारी म्हणून एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. चिप्स म्हणजे बटाटा, त्यात काय बघायचं, असं समजू नकोस. या भागातल्या, विशेषतः 'ब्लॅक कंट्री' म्हणतात त्या शेजारच्या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या, बऱ्याच चिप शॉपमध्ये तळण गाईच्या चरबीत असतं. 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात आणि ते अभिमानानं पाटीवर लिहितात. मला हे कळलं तेव्हा मी सहा महिने दर शुक्रवारी तेच चिप्स खात होते. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. काउंटरवर सरळ विचार, "कशात तळता?" कुणी रागावत नाही. तेलात तळणारं दुकान सापडलं तर ब्लॅक कंट्रीचे नारिंगी पिठातले चिप्स नक्की खा, आपल्या बटाटाभजीचे लांबचे नातेवाईक वाटतात.

दुसरा घोटाळा जेवणाच्या नावांचा. लॅबमधल्या एका मैत्रिणीनं "संध्याकाळी टीला ये" म्हटलं. मी आपली साडेपाचला घरून पोळी-भाजी खाऊन, बिस्किटांचा पुडा घेऊन गेले. टेबलावर 'पाय' (सारण भरून भाजलेला इथला पदार्थ), मटार, बटाटे, पुडिंग! इथल्या साध्या घरांत 'टी' म्हणजे रात्रीचं जेवण, आणि ते सहाला. 'डिनर' म्हणजे दुपारचं. पावाचंही तसंच. इथं गोल पावाला 'कॉब' म्हणतात, पलीकडं कॉव्हेंट्रीत 'बॅच', मँचेस्टरला 'बार्म'. चुकीच्या गावात चुकीचं नाव घेतलंस तर पाव मिळतो, पण भाषण ऐकावं लागतं.

आता पब. तू पीत नाहीस हे मला माहीत आहे, उद्या प्यायलीस तरी तुझा प्रश्न. पण पबमध्ये जायचंच नाही असं ठरवलंस तर इथली अर्धी ओळखपाळख तुझ्या हातून जाईल. माझ्या लेखी पब म्हणजे पावसाळ्यासाठी छप्पर घातलेला कट्टा. टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नकोस, काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण असते. तुझ्या आधी कोण आलं ते लक्षात ठेवायचं आणि बारवाल्यानं चुकून तुला आधी विचारलं तर "यांचा नंबर आहे" म्हणायचं. एवढ्या एका वाक्यावर तुझी पत वाढते.

'राउंड' म्हणजे आपली भिशी. पाचजणी असाल तर प्रत्येकीनं एकदा सगळ्यांचं आणायचं. लाइम-सोडा पिणाऱ्या पोरीला हे महागात पडतं, म्हणून बसतानाच सांगून टाक, "मी माझं माझं घेते." मधूनच राउंड चुकवणारी मात्र भिशी उचलून गाव सोडणाऱ्या बाईसारखी, तिचं नाव पुढं वर्षभर निघतं. साधं पाणी फुकट मिळतं, दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी ते द्यायचं कायद्यानं बंधन आहे, लाजू नकोस. स्वयंपाकघर बहुतेक पबांत नऊच्या आसपास बंद होतं. आपल्यासारखं साडेनऊला भूक लागून निघालीस तर शेंगदाण्याच्या पाकिटावर रात्र काढशील.

बेनेट्स हिलवर 'द वेलिंग्टन' नावाचा पब आहे. तिथं बाहेरचं खाणं आणून खाता येतं, ताटल्या-चमचे तेच देतात. मी तिथं थालीपीठ खाल्लेलं आहे. शेजारच्या म्हाताऱ्यानं वास घेऊन चौकशी केली, मी अर्धं दिलं, आणि पुढच्या वेळी त्यानं माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवली होती.

पण तुला मी पहिल्यांदा नेईन ती देसी पबमध्ये, म्हणजे पंजाबी लोकांनी चालवलेल्या पबमध्ये, आणि तिथं का न्यायचं ते इथंच सांगते, कारण पबमधल्या आवाजात सांगता येत नाही. स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच इथल्या ओतशाळांत, म्हणजे फौंड्र्यांत, पंजाबातून आलेले शेकडो लोक राबत होते. पाळी सुटल्यावर गोरा कामगार पबच्या कुठल्याही खोलीत बसायचा, याला मात्र बऱ्याच ठिकाणी बरी खोली बंद, काही ठिकाणी दारच बंद. १९६४च्या निवडणुकीत स्मेदिकमध्ये वर्णद्वेषावर उघडउघड मतं मागितली गेली आणि ती मिळाली. १२ फेब्रुवारी १९६५ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स स्मेदिकला आले. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतार सिंग जौहल यांच्याबरोबर ते ब्लू गेट्स पबमध्ये गेले, तेव्हा आतल्या खोलीत त्यांना काही द्यायला नकार मिळाला आणि सामान्य बारकडं बोट दाखवलं गेलं. त्यानंतर नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि पबच्या दारात रंगावरून अडवणं बेकायदा ठरलं.

पुढं ओतशाळा बंद पडत गेल्या, गोऱ्या मालकांना पब परवडेनात, आणि ज्यांना आत घेत नव्हते त्यांतल्याच काहींनी ते विकत घेतले. आज वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायनमध्ये रंगीत काचांच्या खिडक्यांतून या स्थलांतरितांची गोष्ट दिसते. खाली एकीकडं फुटबॉल लागलेला असतो, एकीकडं चुरचुरणारा मिक्स्ड ग्रिल येत असतो, आणि पगडीवाले आजोबा आणि वेस्ट ब्रॉम या इथल्या फुटबॉल क्लबच्या टी-शर्टातला गोरा एकाच रेफरीला शिव्या देत असतात. तुझ्यासाठी चिली पनीर. हॉथॉर्न्स स्टेडियमजवळचा द व्हाइन पबही असाच, पण सामन्याच्या दिवशी जाऊ नकोस, पाय ठेवायला जागा नसते.

पैसे संपतील तेव्हा, आणि ते संपतातच, हँड्सवर्थच्या सोहो रोडवर गुरुद्वारा आहे. लंगर सगळ्यांना. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं आणि जमेल तेव्हा एक दुपार भांडी घासायला जायचं. सेंट मार्टिन चर्चजवळ बुल रिंगचा उघडा बाजार भरतो. इथं बाजार भरवायचा परवाना ११६६ सालचा आहे, आणि फळवाले अजून आपल्या मंडईसारखेच ओरडतात. संध्याकाळी आवरायच्या वेळेला गेलीस तर आंबे-टोमॅटो स्वस्तात निघतात.

तुझ्या विद्यापीठाच्या शेजारच्या बोर्नव्हिलमध्ये पब शोधत फिरू नकोस. ते कॅडबरींनी वसवलेलं गाव, आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, दारूच्या विरोधातले. चॉकलेटचा वास मात्र काही दिवशी वाऱ्याबरोबर येतो. डिगबेथला जाशील तेव्हा 'कस्टर्ड फॅक्टरी'ची इमारत बघ. आपण फ्रूट सॅलडमध्ये घालतो ती कस्टर्ड पावडर आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली याच शहरात काढली, कारण त्यांच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. तुझ्या आजीला हे कळव, तिच्या चतुर्थीला तिचाच उपयोग होत असेल!

रात्री बाहेर पडायचं तर शनिवारची ब्रॉड स्ट्रीट मला तरी आवडत नाही, नुसता आरडाओरडा. किंग्ज हीथच्या हेअर अँड हाउंड्समध्ये गाणं ऐकायला जा. यूबी४० या बँडचा पहिला कार्यक्रम १९७९ साली तिथंच झाला, आणि अजूनही तिथं उद्याचं कुणीतरी आज गात असतं. सिम्फनी हॉलला विद्यार्थ्यांच्या स्वस्त तिकिटांची चौकशी कर. तुझ्या कॅम्पसवरचं बार्बर कलादालन फुकट आहे आणि दुपारी तिथं इतकी शांतता असते, की मी एकदा बाकावर झोपले होते.

घरातून निघण्याआधीच परतीची शेवटची गाडी कधी ते बघून ठेव, शहरातल्या न्यू स्ट्रीट स्टेशनहून युनिव्हर्सिटी स्टेशन दहा मिनिटांचंही नाही, पण चुकली की चुकली. कालव्याकाठी दिवसा फीर, रात्री नको. ग्लास सोडून उठू नकोस. कुणी त्रास देत असेल तर बारवर जाऊन "अँजेला आहे का?" विचार, हा बऱ्याच ठिकाणी ठरलेला इशारा आहे, ते तुला गुपचूप बाहेर काढतात. आणि पासपोर्ट घेऊन पबमध्ये जाऊ नकोस, वयाच्या पुराव्यासाठी सिटिझनकार्ड काढ.

सुट्टीत दुसऱ्या गावांना जाशीलच. वडापावची आठवण अगदी अनावर झाली तर लंडनचं हौन्स्लो आहे. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गुजराती फरसाण, मँचेस्टरला सोप स्ट्रीटवरच्या धिस अँड दॅटमध्ये 'राइस अँड थ्री', म्हणजे भात आणि त्यावर हव्या त्या तीन भाज्या-रस्से. पण पहिले सहा महिने इथंच एक जागा धर. दर मंगळवारी, त्याच टेबलावर. माझी जागा लेडीपूल रोडवरची एक चहाची टपरीवजा खोली आहे. तिथला माणूस मला बघून कपात साखर घालायची थांबवतो, हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. नाव लिहीत नाही, तू तुझी शोध.

येताना कुकर आणू नकोस, इथं मिळतो. हिंगही मिळतो. गोडा मसाला मात्र दोन किलो आण, एक तुझा, एक माझा. आणि विमानतळावर विचारलं तर घरचा मसाला आहे म्हणून सरळ सांग, उगीच "आयुर्वेदिक औषध" वगैरे म्हणू नकोस. मागच्या वेळी माझ्या भाच्यानं तसं म्हटलं आणि आम्ही पाऊण तास पिशव्या उघडत बसलो होतो.

तुझी,
मावशी